न चावणारी पिल्लं

१

ट्वायला प्रॅथरचा दिवस गेली एकवीस वर्षं एकाच कामानं उजाडत आला होता. साडेसहाला कॉफीचा मग घेऊन ती सापांच्या खोलीत शिरायची, दार लावून घ्यायची, दाराखालच्या फटीत कोंबायला गुंडाळून ठेवलेला जुना टॉवेल पायानं जागेवर सारायची आणि मगच पहिल्या डब्याला हात घालायची. टॉवेल विसरायचा नाही, हा नियम. करंगळीएवढं पिल्लू फटीतून निसटलं की गेलंच. एका साली निसटलेलं पिल्लू सात महिन्यांनी धुण्याच्या यंत्रामागे सापडलं होतं, तेही चांगलं गुटगुटीत होऊन.

ऑगस्ट म्हणजे तिचा सुगीचा महिना. कॅलिफोर्नियातल्या हॅनफर्ड गावाबाहेर, बदामाच्या बागांच्या मधोमध प्रॅथरांचं एकमजली लाकडी घर होतं. बाहेर बदाम पाडणारी यंत्रं झाडांची खोडं गदागदा हलवत असत, सगळीकडे पिवळी धूळ उडत असे, आणि आत उबवणीच्या पेटीत अंडी फुटत असत. यंदा चार माद्यांची मिळून एकतीस पिल्लं निघाली होती. प्रत्येकाला वेगळा डबा. किंगस्नेक हा साप खाणारा साप. रॅटलस्नेकचं विषही त्याला बाधत नाही, त्यालाही तो डोक्याकडून गिळत जातो. त्यामुळे सख्खी भावंडंसुद्धा एका डब्यात ठेवता येत नाहीत. "आमच्या घराण्यालाही हाच नियम लावायला हवा होता," असं ट्वायला म्हणायची.

अकरा वर्षं ती एका रंगाच्या मागे होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे साप कोणीही काढतो. पांढरे, पिवळे, जांभळट, तेही आता गल्लोगल्ली झालेत. तिला हवा होता तो राखी-निळा, धुक्यातून बघितल्यासारखा. तो रंग आईबापांच्या रक्तात लपून राहतो आणि दहा-पंधरा पिल्लांत एखादंच तो अंगावर घेऊन येतं. यंदाच्या एकतीसमध्ये तशी दोन होती.

बाराव्या दिवशी पिल्लांनी पहिली कात टाकली आणि तिनं त्यांना हाताळायला सुरुवात केली. हे काम म्हणजे शिव्या खाणं. पिल्लू उचललं की मान वाकडी करून चावतं, शेपटी कागदावर थडथड बडवतं, वर हातावर घाण वासाचं पाणी सोडतं. चावा टाचणी टोचल्याएवढाच, पण एकतीस वेळा.

त्या सकाळी एकही पिल्लू चावलं नाही.

पहिलं तिच्या तळहातावर आलं, क्षणभर थांबलं आणि मनगटाला विळखा घालून सरळ तिच्या सदऱ्याच्या बाहीत शिरलं. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानंही. राखी-निळं पिल्लू तर कोपराच्या वर जाऊन असं घट्ट बसलं, की त्याला बाहेर काढायला तिला पाच मिनिटं लागली. ओढताना तिला जाणवलं, ते अंगाचा सगळा जोर लावून तिला धरून होतं.

तिनं मॅनी बेटनकोर्टला फोन लावला. मॅनी तुलारेजवळ राहायचा. चाळीस वर्षं दूधदुभत्याचा धंदा करून म्हातारपणी सापांच्या नादी लागलेला.

"चावत नाहीत? एकसुद्धा?"

"एकतीसपैकी एकसुद्धा नाही."

"नीट बघ, रबराची असतील."

"जळताय तुम्ही, मॅनी."

"जळतोच आहे. माझ्या कार्ट्यांनी आज अंगठ्याची चाळण केलीय." मग त्यानं थट्टा आवरली. "पण एक सांगू का पोरी? आमच्या गोठ्यात वासरं एकदम शहाण्यासारखी वागायला लागली ना, की आम्ही आधी कुंपण कुठं तुटलंय ते बघायला जायचो."

ट्वायला हसली. अकरा वर्षं निवडून निवडून जोड्या लावल्या, रंगाबरोबर स्वभावही उतरला असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

२

घरात कुंपण तोडून शिरलेला एकच प्राणी तिला माहीत होता. तिचा भाऊ गार्थ.

गार्थ एकोणीस वर्षं नेवाडात ट्रक चालवत होता. एप्रिलमध्ये बापाच्या मातीला म्हणून आला आणि गेलाच नाही. बाप, म्हणजे ऑर्व्हिल प्रॅथर, शेवटचे आठ महिने पूर्वेकडच्या खोलीत अंथरुणाला खिळून होता. त्याचं सगळं ट्वायलानं केलं. म्हातारा गोड बोलायचा. मरेपर्यंत गोड बोलायचा, आणि गोड बोलतच दोन्ही पोरांचं आयुष्य त्यानं नासवलं होतं. तो गेला तेव्हा दोघांपैकी कोणीही रडलं नाही.

ती खोली घरात सगळ्यात थंड. मोठ्या सापांना हिवाळी झोपेला तशीच जागा लागते. तिथं दुसरी मांडणी उभी करायची असं ट्वायलानं मार्चपासून मनात योजलं होतं. एप्रिलनंतर ती त्या खोलीत एकदाही गेली नव्हती. वेळ मिळाला नाही, असं ती स्वतःला सांगायची. आणि जुलैत गार्थनं बैठकीतला सोफा ओढत नेऊन बोळाच्या टोकाला, बापाच्या दाराला पाठ लावून ठेवला. जेवण झालं की तो तिथं बसायचा. जमिनीवर रेडिओ, रेडिओवर बेसबॉलचं समालोचन. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी समोर, सापांच्या खोलीचं दार.

"सोफा हलव," ट्वायला म्हणाली.

"नाही."

"मला ती खोली हवीय."

"मला डोक्यावर केस हवेत. मिळतायत?"

"एकोणीस वर्षं तोंड दाखवलं नाहीस आणि आता राखण करतोयस. काय सोनं पुरलंय आत?"

"तू तुझी गांडुळं सांभाळ."

"त्यांनी मला कधी दगा दिला नाही."

"त्यांना मेंदू नाही म्हणून. असता तर पहिली तुला सोडून गेली असती." गार्थनं रेडिओचा आवाज वाढवला. "दुपारचं इथं कोणीतरी बसायला लागतं."

"का?"

"लागतं."

"महाराजांनी सिंहासनच मांडलंय की. थांब, चवरी ढाळायला माणूस पाठवते."

गार्थनं पाठ मागे रेटली. बोलताना त्याचा डावा हात सोफ्याच्या पाठीवरून मागे गेलेला होता आणि तळवा दारावर सपाट टेकलेला होता. एखादं जनावर शांत ठेवायला त्याच्या पाठीवर हात ठेवावा तसा. ट्वायलाला वाटलं, हक्क सांगतोय. दार माझं, खोली माझी, घर माझं.

"हलकट," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन टॉवेल सारला.

३

पहिला घास द्यायचा दिवस आला. उंदरांची गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं तिनं कोमट करून प्रत्येक डब्यात एक टाकली. एकानंही तोंड लावलं नाही.

भूक नसणं नवीन नव्हतं. दोन-चार हट्टी असतातच. पण एकतीसच्या एकतीस? ती डबे एकेक ओढून बघू लागली आणि नवव्या-दहाव्या डब्यापाशी तिचा हात थांबला. सगळी पिल्लं डब्याच्या एकाच बाजूला होती. खिडकीकडच्या. नाक प्लॅस्टिकला टेकलेलं, अंग कोपऱ्यात दाबलेलं.

तिनं डब्यांखालच्या गरम पट्टीचं तापमान बघितलं. ठीक होतं. मागच्या बागेत यंत्रं धडधडत होती, जमिनीतून हादरे येत असतील, म्हणून ती दुपारी यंत्रं थांबेपर्यंत वाट बघत बसली. यंत्रं थांबली. पिल्लं तशीच. खिडकी पश्चिमेची, तिथं उन्हाची झळ सगळ्यात जास्त. साप सावलीकडे जातो, झळीकडे नाही. शेवटी तिनं सगळी मांडणी रेटत रेटत उलटी फिरवली. आता पिल्लांची बाजू दाराकडे आली. हात झटकून ती जेवायला गेली.

परत आली तेव्हा एकतीस पिल्लं पुन्हा खिडकीच्या बाजूला होती.

तिनं राखी-निळ्याचा डबा उचलला आणि दोन्ही हातांत धरून बाहेर आली. स्वयंपाकघरात पिल्लू डब्याच्या डाव्या भिंतीला सरकलं. बैठकीत मागच्या. ती जसजशी वळत होती तसतसं ते डब्यात फिरत होतं, आणि दर वेळी घराची एकच दिशा त्याच्या पाठीमागे येत होती. ती बोळात आली. समोर सोफा, सोफ्यावर गार्थ. दोन पावलं पुढं टाकल्यावर पिल्लू डब्याची भिंत चढून हवेच्या भोकात डोकं खुपसू लागलं. भोक पेन्सिलीच्या टोकाएवढं. आणखी एक पाऊल, आणि प्लॅस्टिकवर रक्ताचा बारीकसा ठिपका उमटला.

"ते इकडे आणू नकोस," गार्थ म्हणाला.

ती उलट्या पावली मागे फिरली.

इतके दिवस तिला वाटत होतं, पिल्लं कशाकडे तरी बघतायत. ती कशाकडेही बघत नव्हती. ती कशाला तरी पाठ करून होती. आणि किंगस्नेक कुणालाही पाठ दाखवत नाही, अंड्यातून अर्धा बाहेर आलेलासुद्धा नाही. आणि आता ही एकतीस, आणि सोफ्यावरचा तो माणूस.

तिला स्वतःचंच हसू आलं. गार्थ घाणेरडा होता, आळशी होता, त्याला तंबाखूचा वास यायचा. पण गार्थला कोण घाबरणार? लहानपणी मांजरही घाबरायचं नाही.

४

बुधवारी तिनं राखी-निळ्यांपैकी एक पिल्लू कापडी पिशवीत घातलं आणि मॅनीकडे नेलं. मॅनीच्या शेडमध्ये गोठ्याचा जुना वास अजून टिकून होता. त्यानं चष्मा नाकावर घेतला, पिशवीचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि ओरडला.

"आईच्या गावात! हीच का तुझी संत मंडळी?"

पिल्लू त्याच्या तर्जनीला लोंबकळत होतं. शेपटी थडथडत होती. टेबलावर पांढरट पाण्याचा ओघळ आला होता. मॅनीनं उंदराचं पिल्लू पुढं धरलं, तर त्यानं बोट सोडून ते पकडलं आणि दोन मिनिटांत गिळलं.

"तब्येत उत्तम," मॅनी बोट चोखत म्हणाला. "रंग तर काय सांगू! डोळे निवले. पण शांत-बिंत काही नाही हां. घरी तू काय अफू देतेस की काय?"

ट्वायला हसली नाही. "गार्थ आल्यापासून असं झालंय," ती म्हणाली.

"गार्थ एप्रिलात आला. ही अंडी जूनची."

"मग सोफा टाकून बसल्यापासून."

मॅनीनं चष्मा काढला. "भावाबहिणीचं भांडण सापांवर काढू नकोस गं. उद्या चारला येतो मी. सगळी पिल्लं बघतो, घराचं कुंपणही बघतो."

परत येताना पिल्लू पिशवीत चुळबुळ करत होतं. घराच्या फाटकाशी गाडी वळली आणि पिशवी निश्चल झाली. ट्वायलानं इंजिन बंद केलं. पिल्लू पिशवीच्या शिवणीला चिकटलं होतं, घराकडे पाठ करून. ओसरीवर गार्थ उभा होता, सिगारेट ओढत. तिच्यामागे लागलेलं कोडं तिथल्या तिथं सुटलं. आता तिला फक्त राग येत होता.

५

गुरुवारी अडीच वाजता गार्थ उठला. बाहेर उन्हाचा पारा एकशे आठ फॅरनहाइटवर होता.

"बर्फ आणि सिगारेटी आणतो," तो म्हणाला. "वीस मिनिटं. सोफ्याला हात लावू नकोस."

"बरं, मालक."

"ट्वायला, मी गंमत करत नाहीये."

"तुला येते कधी?"

त्याची गाडी फाटकाबाहेर गेल्याबरोबर तिनं पुढच्या-मागच्या दारांना आतून कड्या घातल्या. त्याची बॅग भरली आणि ओसरीवर फेकली. मग सोफ्याला हात घातला. जड होता. दाराला असा काही दाबून बसला होता की पहिला हिसका देताना वाटलं, पलीकडून कोणी ढकलतंय. पण हिसका बसल्यावर सोफा सहज आला, वाटला होता त्याहून सहज. तो तिनं ओढत बैठकीत नेला. घाम पुसत ती बापाच्या दारापाशी आली आणि मुठीला हात लावला.

मूठ कोमट होती. नुकतीच कुणीतरी हातातून सोडल्यासारखी.

दिवसभर हा मेला इथंच बसलेला, त्याचीच ऊब असणार, असं तिनं मनाशी म्हटलं. पण दार उघडलं नाही. आधी पिल्लं बघू. आता ती खाणार, अशी तिची खात्री होती. ती सापांच्या खोलीत गेली, दार लावलं, टॉवेल सारला.

पिल्लं खिडकीच्या बाजूलाच होती. पण आता तळाशी नव्हती, भिंतीवर चढली होती. एकतीस डब्यांत एकतीस पांढुरकी पोटं प्लॅस्टिकला चिकटलेली दिसत होती. कागदाची सळसळ नाही, शेपटीची थडथड नाही. खिडकीत बसवलेला कूलर तेवढा घरघरत होता.

गाडीचा आवाज आला. मग पुढच्या दारावर धक्के. मग धावत आलेली पावलं, आणि कूलरच्या वरच्या काचेत गार्थचं लालबुंद तोंड.

"दार उघड!"

"तुझी बॅग ओसरीवर आहे."

"सोफा कुठाय?"

"बैठकीत. सोफे असतात तिथं."

गार्थचं तोंड बघता बघता पांढरं पडलं. शिवी देईल म्हणून ती वाट बघत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "बाहेर ये. दारानं नको. खिडकीतून ये."

"वेड लागलंय का तुला?"

"ट्वायला, मी आलो त्या आठवड्यात म्हाताऱ्यानं आतून मला हाक मारली. जुलैपासून रोज दुपारी मारतो. पाठ लावून बसलं की गप्प राहतं. बस्स, एवढंच मला माहीत आहे. ये आता बाहेर!"

बोळात जमिनीवर राहिलेला रेडिओ अजून बोलत होता. कुणीतरी चेंडू टोलवला होता, लोक ओरडत होते. आणि तो आवाज दबला. रेडिओ आणि आपण यांच्यामध्ये कोणी येऊन उभं राहिलं की दबतो तसा.

ट्वायला दाराकडे वळली.

टॉवेल हलला. एका टोकाकडून तो सावकाश फटीखाली जाऊ लागला, बोळाच्या बाजूला, कुणी दोन बोटांत धरून ओढावा तसा. तिला वाटलं झेप घेऊन तो धरावा. एकवीस वर्षांची सवय ती! पण हात उठला नाही. टॉवेलाचं शेवटचं टोक फटीत अडकलं, एकदा हिसका बसला आणि ते नाहीसं झालं.

फटीतून बोळातला उजेड आला. पावलांची सावली नव्हती. आणि मग तो उजेड एका टोकाकडून मिटत गेला. टॉवेल होता तिथं, दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, कोणीतरी आडवं होत होतं. ट्वायलाला फक्त फटीएवढंच दिसलं. विरलेल्या कापडाची एक घडी. ती फुगत होती, बसत होती. फुगत होती, बसत होती.

६

मागे प्रचंड आवाज झाला. गार्थनं बाहेरून कूलर उपसून काढला होता. पत्र्यानं त्याचा हात कापला होता आणि रक्त कोपरावरून ठिबकत होतं. त्या चौकोनी भोकातून भट्टीसारखी हवा आत घुसली.

"हात दे, मूर्ख बाई!"

त्यानं तिच्या काखांत हात घालून तिला ओढलं. तिचं पोट खरचटलं, एक चप्पल आत राहिली. ती धुळीत पडली, आणि तिथं पडल्या पडल्या तिला पहिली गोष्ट सुचली ती हीच.

"गार्थ, माझी पिल्लं! कूलर गेला, तासाभरात भाजून मरतील ती!"

"मरू देत!"

"अकरा वर्षं गेलीयत माझी! निदान ते एक, वरचा पहिला डबा, हाताला लागेल तुझ्या. तू नाही तर मी जाते!"

ती खरंच उठली. गार्थनं तिला मागे ढकललं. "तुझ्यासारखी हट्टी गाढवीण साऱ्या कॅलिफोर्नियात नसेल," तो म्हणाला. कंबरेपर्यंत तो त्या भोकातून आत वाकला.

बाहेर त्याचे पाय तेवढे राहिले. मळकी पँट, झिजलेले बूट. बूट जमिनीपासून वीतभर वर हलत होते. मग हलायचे थांबले.

ट्वायलानं हाक मारली. उत्तर नाही. वरचा पहिला डबा म्हणजे हात लांबवला की येणारा. त्याला किती वेळ लागावा? तिनं त्याच्या पायाला धरलं. पाय ताठ होता. ती वाकली आणि त्याच्या कंबरेशेजारच्या मोकळ्या जागेतून तिनं आत बघितलं. दार बंद होतं. दाराखालची फट स्वच्छ, उजेडानं भरलेली होती. तिथं आता कोणीही नव्हतं.

गार्थचं डोकं तिला दिसत नव्हतं. तो कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा खाली वाकलेला होता.

मग पाय हलले. तो सरकत बाहेर आला, गुडघ्यांवर बसला आणि राखी-निळ्याचा डबा त्यानं तिच्यापुढं धरला.

"घे, ट्वाय," तो म्हणाला. "तुला लागलं तर नाही ना कुठं?"

७

चारला मॅनी आला. तोवर दोघं ओसरीच्या पायरीवर बसली होती. गार्थनं तिला नळाचं पाणी आणून दिलं होतं, स्वतःच्या हाताला फडकं बांधलं होतं. तिच्या मांडीवर डबा होता आणि पिल्लू तिच्या पोटाकडच्या बाजूला दाबून बसलं होतं. सावली तिकडेच होती म्हणा.

मॅनीनं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे ट्वायलाला जेवढं सांगता आलं तेवढं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीवाटे आत जाऊन पुढची कडी काढायला निघाली, तर तोच म्हणाला, "तू थांब. सत्तरीच्या म्हाताऱ्याला कोण खातंय?"

त्याच वाटेनं आत जाऊन त्यानं पुढचं दार उघडलं आणि ट्वायलाला आत घेतलं. बोळात रेडिओ चालू होता. टॉवेल बोळाच्या मधोमध पडला होता, नीट घडी घातलेला. बापाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत पलंग होता, चादर ओढलेली होती, खिडकीवर धूळ होती. बस्स. एका आजारी म्हाताऱ्याची रिकामी खोली.

मॅनीनं सापांच्या खोलीचं दार ढकललं, आणि आतून थडथड, थडथड आवाज आला. कागदावर आपटणाऱ्या शेपट्या. ट्वायला डब्यांपाशी धावली. पिल्लं वाटेल तिकडे होती. कोणी पाण्याच्या वाटीत, कोणी कागदाखाली, कोणी झाकणाला डोकं लावून. दोघा-तिघांनी कालचे शिळे उंदीरही गिळले होते. मॅनीनं एक उचललं आणि ते कडकडून चावलं.

"झालं समाधान?" मॅनी बोट झटकत म्हणाला. ट्वायला हसत सुटली, हसता हसता रडली. जे काय होतं ते गेलं होतं. या घरात नव्हतं. दोघांनी मिळून डबे मॅनीच्या गाडीत न्यायला सुरुवात केली. कूलर दुरुस्त होईपर्यंत पिल्लं त्याच्याकडेच राहणार होती. पाच-सात फेऱ्या झाल्या. शेवटचे आठ डबे राहिले.

"मदत करू का?" दारातून गार्थ म्हणाला.

खोलीतली थडथड थांबली.

ट्वायलानं मान वर केली नाही. ती डब्यांकडे बघत होती. सात डब्यांतली पिल्लं सरकत होती, घाईघाईनं नव्हे, एकामागून एक. दारापासून लांब. कोपऱ्यात दाबून घेत होती. आठवं तिच्या हातावरच होतं. ते मनगटावरून वळलं आणि बाहीत शिरलं.

"नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही बदल झाला नाही, याचं पुढं कितीतरी दिवस तिला नवल वाटत राहिलं. "गार्थ, तुझा सोफा परत बोळात लावू का?"

"राहू दे गं," गार्थ मऊ आवाजात म्हणाला. "आता कशाला लागतोय?"

एवढ्या वर्षांत तिच्या भावानं तिला 'गं' म्हटलं नव्हतं. तिला त्याच्या तोंडून एक शिवी हवी होती. एकच. गाढवीण, मूर्ख बाई, काहीही.

"हलकटा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझा कूलर मोडलास तू."

"हो ना. चुकलंच माझं," गार्थ म्हणाला. "तू दमलीयस. पडतेस का जरा? त्या खोलीत गार आहे."

तिनं आठ डबे एकावर एक रचले, छातीशी धरले आणि त्याच्या शेजारून बाहेर पडली. तो बाजूला झाला. अदबीनं. बाहीतलं पिल्लू तिच्या काखेत इतकं घट्ट आवळत गेलं की तिला हात हलवता येईना. ती थांबली नाही. थेट मॅनीच्या गाडीत जाऊन बसली आणि डबे मांडीवर घेतले. पर्स आत होती, चप्पल एकच पायात होती.

"मीही येतेय," ती म्हणाली. "राहायला."

"अगं पण तुझा भाऊ जखमी आहे. त्याला एकटं..."

"चला, मॅनी."

त्याच्यामुळेच ती जिवंत होती. तो आत वाकला तो तिच्या हट्टापायी. आणि ओसरीवर उभा होता तो गार्थच असेल, नुसता भेदरून मऊ झालेला, तर ती त्याला आत्ता तिथं एकटं सोडून निघाली होती. हे सगळं तिला त्या क्षणीही कळत होतं. ती उतरली नाही.

मॅनीनं गाडी वळवली. आरशात तिला ओसरी दिसली. गार्थ कठड्याला टेकून उभा होता आणि फडकं बांधलेला हात वर करून संथपणे हलवत होता. गाडी फाटकाबाहेर पडली, बदामाच्या रांगांमधून धूळ उडवत निघाली, तरी तो हात हलवतच होता.

मॅनीनं आरशात बघून उलट हात केला.

"उगाच नावं ठेवायचीस त्याला," तो म्हणाला. "किती गोड बोलतो गं तुझा भाऊ!"